‘उत्तर दिलं नाही’चा रकाना

पहाटे ५.४०, पेण

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार. विधानसभेच्या मतदानाला अकरा दिवस आहेत. दिवाळी उरकली, पण दारातला आकाशकंदील अजून उतरवलेला नाही. नळाला पाणी आलंय. तो दोन हंडे भरतो, पिंप भरतो, मग आंघोळीला जातो. आई तांदळाची भाकरी थापतेय.

“रोह्याला काय काम काढलंस?”

“बाईंकडे जायचंय.”

“कुठल्या बाई?”

“अगं, शाळेतल्या.”

तेवढ्यावर बोलणं थांबतं. बाई शाळेतल्याच आहेत, पण त्याच्या शाळेतल्या नव्हेत.

त्याचं वय चोवीस. नाव लिहीत नाही, कारण घरी अजून ठाऊक नाही. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७च्या गुन्ह्यातून बाहेर काढलं, तेव्हा गणपती आठवड्यावर आले होते आणि हा कारखान्यात आखणी शिकत होता. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बातमी मोबाइलवर वाचली, मोबाइल खिशात ठेवला आणि पुढची मूर्ती समोर ओढली. हात थरथरत होता. ती मूर्ती त्याने बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आखली.

सॅकमध्ये पाण्याची बाटली, पुठ्ठ्याचं पॅड, दोन पेनं आणि वीस कागद. कागद पाठपोट झेरॉक्स केलेले, एका बाजूचे दोन रुपये. ऐंशी रुपये काल रात्रीच गेले.

सकाळी ६.३०, हमरापूर

मित्राच्या गाडीवरून हमरापूर. पेट्रोलचे तीस रुपये त्याच्या वाट्याचे.

कारखान्याचं शटर अर्धं वर आहे. आत जमीन, पत्रा, विजेच्या वायरी, सगळ्यावर प्लास्टरची पूड बसलीय. पुढच्या वर्षीच्या गणपतींचा कच्चा माल सुरू झालाय. रबरी साच्यात प्लास्टर ओतायचं, काथ्या चिकटवायचा, आवळलं की साचा सोलून मूर्ती मोकळी करायची. सुकल्यावर पॉलिशपेपरने घासायची. सोंडेची वळी, कानामागची खाच, बोटांमधली फट. तिथे कागद जात नाही, म्हणून तो कागदाची बारीक गुंडाळी करतो आणि काडीसारखी फिरवतो. नाकाला रुमाल बांधलेला. तरी भुवया पांढऱ्या होतात.

सीझनला आखणीचे त्याला रोजचे नऊशे मिळतात. आत्ता घासकामाचे सहाशे. नऊच्या सुमाराला तो उठतो तेव्हा चौदा मूर्ती घासून झाल्यात.

“अर्धा दिवस मांडू?” शेठ विचारतात.

“मांडा.”

म्हणजे तीनशे गेले. शेठ कारण विचारत नाहीत. निवडणुकीत पोरं इकडेतिकडे जातात, हे त्यांना माहीत आहे. प्रचाराला गेला असता तर पैसे मिळाले असते, वर जेवण. हे काम त्याच्या उलटं. इथे खिशातून जातात.

सकाळी ९.३५, पेण

एका उमेदवाराचं प्रचार कार्यालय. भाड्याचा गाळा, बाहेर मंडप, आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत. पत्रकांचे गठ्ठे, झेंड्यांच्या काठ्या, वडापावचा वास. पन्नाशीचे एक कार्यकर्ते टेबलाशी बसलेत. गळ्यात पक्षाचं उपरणं.

“कुठल्या चॅनलचे?”

“चॅनल नाही, काका. मतदारांचे पाच प्रश्न आहेत. सगळ्या उमेदवारांना तेच विचारतोय.”

काका चष्मा लावतात. पहिला प्रश्न रेशनकार्डाचा. एका घरात जोडीदार म्हणून राहणाऱ्या दोन समलिंगी व्यक्तींना एकच कुटुंब धरावं, असं केंद्राच्या अन्न खात्याने याच वर्षी राज्यांना कळवलंय. तुम्ही निवडून आलात तर तालुक्यात याची अंमलबजावणी पाहाल का? दुसरा तृतीयपंथीयांच्या कल्याण मंडळाचा आणि मार्च २०२४मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या धोरणाचा. तिसरा, समलिंगी मुलांना ‘बरं करतो’ म्हणून पैसे घेणाऱ्यांवर कारवाईचा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२मध्येच असे उपचार डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलेत. चौथा, सज्ञान जोडप्याला घरच्यांपासून धोका असेल तर पोलिसांनी काय करावं याचा. पाचवा, जोडीदारीला कायद्याची मान्यता मिळावी असं तुम्ही जाहीरपणे म्हणाल का?

काका ओठ हलवत वाचतात. पहिल्या प्रश्नाला “रेशनचं आहे होय” म्हणतात. मग थांबतात, परत वर जाऊन पहिला प्रश्न वाचतात.

“हे… ते का?”

“हो काका, ते.”

ते हसत नाहीत. हे लिहिणारी मी बाजूला उभी होते, त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. हसू येईल याची मला खात्री होती. ते आलं नाही, एवढं नोंदवायला हवं. त्यांनी फक्त दाराकडे पाहिलं, कुणी ऐकतंय का.

“आमच्या साहेबांना यातलं काही…” वाक्य तिथेच राहतं. “बरं, ठेवून जा.”

तो पॅडवर लिहितो: वेळ ९.५०. कागद घेतला. उत्तर नाही. काकांचा फोन नंबर मागतो. काका स्वतःच्या हाताने लिहून देतात आणि चहा मागवतात. चहा पिईपर्यंत गाळ्यात कुणी काही बोलत नाही.

सकाळी १०.३०, पेण स्थानक

दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी. तिकीट दहा रुपये. जागा मिळते. कासू, नागोठणे, निडी, रोहा. रुळाकडेच्या शेतांत भात कापून झालंय, कुठे उडव्या रचल्यात, कुठे झोडणी चाललीय.

तो मांडीवर पॅड घेऊन कागद नीट भरतो. रकाने पाच: ‘हो’, ‘नाही’, ‘टाळलं’, ‘उत्तर दिलं नाही’, आणि शेवटी ‘शब्दशः’. चौथ्या आणि तिसऱ्यात गोंधळ करायचा नाही, हा पहिला नियम. समोर बसून विषय बदलला, तर ‘टाळलं’. कागद ठेवून घेतला आणि पुढे काही कळवलं नाही, तर ‘उत्तर दिलं नाही’. गप्प राहण्याला ‘नाही’ समजायचं नाही, हा दुसरा. कुणाला मत द्या हे कुणालाच सांगायचं नाही, हा तिसरा. हा नियमांच्या यादीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे.

ही कल्पना मुळात त्याची किंवा त्याच्या सोबत्यांची नव्हे. २०१९च्या लोकसभेआधी ‘पिंक लिस्ट इंडिया’ नावाने काही तरुणांनी देशभरातल्या राजकारण्यांची या विषयावरची विधानं शोधून एका जागी मांडली होती. त्या तरुणांतले एक, अनिश गावंडे, सप्टेंबर २०२४मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे राष्ट्रीय प्रवक्ते झाले. दिल्ली-मुंबईच्या नेत्यांची भाषणं असतात, ट्वीट असतात, संसदेतली नोंद असते. सुप्रिया सुळेंनी २०२२मध्ये विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक मांडलं, ते कुणालाही काढून वाचता येतं. तालुक्यातल्या उमेदवाराचं असं काही सापडत नाही. त्याने या विषयावर तोंडच उघडलेलं नसतं, कारण त्याला कुणी विचारलेलं नसतं. म्हणून जाऊन विचारायचं.

कागदाच्या पाठीवर पक्षांच्या नोंदी आहेत. याच वर्षीच्या लोकसभेच्या जाहीरनाम्यांतून उतरवलेल्या. काँग्रेसने व्यापक चर्चेनंतर अशा जोडप्यांच्या नागरी बंधनाला मान्यता देणारा कायदा आणू असं म्हटलं. भाजपने तृतीयपंथीयांसाठीची गरिमा गृहं वाढवू असं म्हटलं. “कार्यकर्त्यांना आपल्याच पक्षाने काय छापलंय ते माहीत नसतं,” तो म्हणतो. “मी कागद उलटून दाखवतो. मग जरा बसायला सांगतात.”

सकाळी ११.४०, रोहा

बाई स्थानकाबाहेर छत्री घेऊन उभ्या आहेत. उन्हासाठी. वय सदुसष्ट, मराठी शिकवून निवृत्त. मुलगा पुण्यात असतो. त्याने २०१६मध्ये घरी सांगितलं. “पहिली दोन वर्षं मी त्याला फोनवर ‘जेवलास का’ एवढंच विचारत होते,” बाई चालता चालता सांगतात. “दुसरं काय विचारायचं असतं ते मला येतच नव्हतं.”

टपरीवर दोन चहा, वीस रुपये. बाई पर्समधून लाल पेन काढतात. प्रश्नावलीची पहिली ओळ आजही त्यांना पसंत नाही.

“एलजीबीटी समुदायाच्या हक्कांबाबत. हे वाचून माणूस पुढे जाईल का रे? खाली टाक हे. वर लिही, तुमच्या मतदारसंघातल्या काही कुटुंबांबाबत.”

“पण बाई, मग लपवल्यासारखं होतं.”

“लपवत नाहीयेस. दुसऱ्याच ओळीत समलिंगी लिहिलंयस की. पहिल्या ओळीत माणसं येऊ देत.”

तो वाद घालत नाही. पेन घेऊन उरलेल्या प्रत्येक कागदावर ओळ खोडतो, वर नवी लिहितो. दहा मिनिटं लागतात. अक्षर सुंदर आहे. आखणीचा हात.

दुपारी १२.२०

रोहा तालुक्याचं एक विचित्र आहे. तो तीन मतदारसंघांत वाटलेला. नागोठण्याकडचा भाग पेणमध्ये, चणेऱ्याकडचा अलिबागमध्ये, रोहा शहर श्रीवर्धनमध्ये. म्हणून एका गावात उभं राहून तीन-तीन मतदारसंघांचे उमेदवार, त्यांचे भाऊ, मेहुणे, कार्यकर्ते भेटतात. यांच्या फायद्याचं आहे. चपला कमी झिजतात.

नाक्यावर एका अपक्षाची रिक्षा थांबलीय. भोंगा बंद करून तो स्वतः पाणी पितोय. सोबत तीन माणसं. बाई पुढे होतात, नमस्कार करतात. तो लगेच उठतो. इथे पांढरे केस आणि नऊवारी नसली तरी नीट नेसलेली सुती साडी यांना मान आहे.

तो उभ्यानेच वाचतो. घाम पुसतो.

“बाई, खरं सांगू? यातल्या तीन गोष्टींचा मी आयुष्यात विचार केलेला नाही.”

“मग तसंच सांगा.”

“रेशनकार्डाचं करीन. दोन माणसं एका चुलीवर जेवतात तर कार्ड एक, यात काय अवघड आहे. पोलिसांचंही बरोबर आहे. सज्ञान आहेत ना? मग त्यांना मारायचा हक्क कुणाला नाही. लग्नाचं मला कळत नाही, तिथे मी गप्प.”

रिक्षातलं पोरगं फिसकन हसतं. अपक्ष वळून त्याच्याकडे बघतो, पोरगं भोंग्याच्या वायरी बघायला लागतं.

पॅडवर: प्रश्न १, हो. प्रश्न ४, हो. प्रश्न २, ३, विचार केलेला नाही. प्रश्न ५, ‘तिथे मी गप्प’. शब्दशः. तो लिहिलेलं वाचून दाखवतो, “असंच ना?” विचारतो. अपक्ष मान हलवतो. भोंगा सुरू होतो.

या माणसाचं डिपॉझिटही वाचणार नाही, असं टपरीवाला आधीच म्हणाला होता. तरी आजच्या कागदांतला सगळ्यात भरलेला कागद हाच.

दुपारी १.३०, बाईंचं घर

वालाचं बिरडं, भात, तळलेला बोंबील. बाई वाढतात, मग स्वतः बसतात. जेवता जेवता त्या महाडवर येतात. त्यांचं माहेर तिकडचं.

“मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला १९२३ला. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ला तो मान्य केला, चवदार तळं खुलं. कागदावर. पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडला, आणि प्यायल्यावर मार खावा लागला. म्हणून मी याला सांगते, ‘हो’ लिहून घेतलंस की खाली तारीख घाल.”

त्यांच्या कपाटात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाबद्दलचं एक जाड पुस्तक आहे. र. धों. कर्व्यांवर १९३४मध्ये खटला झाला, तो त्यांनी या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. लैंगिक प्रश्न, त्यात समलिंगी संबंधांचेही. उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. लोक प्रश्न पाठवणार असतील तर उत्तर द्यायला हवं, ही बाजू घेऊन. खटला हरले. बाई हे सांगताना भाताला हात लावत नाहीत. मुलगा घरी सांगून गेला त्यानंतर हे पुस्तक त्यांनी आणलं, वाचायला मात्र वर्ष लागलं.

दुपारी ३.००, बाजारपेठ

शिलाईचं छोटं दुकान. मशीन, कातरी, खुंटीला लटकलेले ब्लाउज. साध्याची शिलाई दोनशे, अस्तराची साडेतीनशे. दिवाळीची गर्दी संपली, आता लग्नसराईची मापं येताहेत. दुकान चालवणाऱ्या ताई पारलिंगी आहेत. ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन केला, प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून येतं. कागद जमवण्यात कामाचे दोन दिवस मोडले. मतदारयादीत त्या ‘महिला’ आहेत.

या निवडणुकीला राज्यात ९ कोटी ७० लाख २५ हजार ११९ मतदार आहेत, त्यांत तृतीयपंथी म्हणून नोंदलेले ६,१०१. ताई त्या आकड्यात नाहीत. आणि समोर पॅड घेऊन बसलेला हा तर कुठल्याच आकड्यात येत नाही.

“प्रचाराला येतात ना,” ताई पायाने मशीन चालवत सांगतात, “डावीकडच्या किराणावाल्याला पत्रक देतात, मग उजवीकडच्या पानवाल्याला. मध्ये मी असते.”

बाई म्हणतात, या वेळी रावेरला शमिभा पाटील वंचित बहुजन आघाडीकडून उभ्या आहेत. ताईंना ठाऊक आहे. त्यांना अंजली पाटीलही ठाऊक आहेत, जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या. २०२१च्या ग्रामपंचायतीला महिला प्रवर्गातला त्यांचा अर्ज बाद झाला, औरंगाबाद खंडपीठाने लढायची परवानगी दिली, आणि त्या निवडून आल्या. ताईंनी ते कात्रण मशीनच्या खणात ठेवलंय. बटणांच्या डबीखाली.

“माझं एक काम करा,” त्या त्याला म्हणतात. “कागदावर सहावा प्रश्न टाका. आमच्या दुकानात पत्रक का देत नाही?”

तो हसत नाही. लिहून घेतो. उरलेल्या कागदांवर हाताने सहावा प्रश्न येतो.

दुपारी ४.१५

बाईंच्या ओसरीवर फोनचं काम. जाऊन भेटले नाहीत ते उमेदवार, त्यांचे प्रतिनिधी, कार्यालयं. नऊ नंबर. तीन उचलत नाहीत. दोन जण “साहेब दौऱ्यावर” म्हणतात. एक जण विषय ऐकून “आवाज येत नाही” म्हणतो, आणि त्याचा आवाज आम्हाला स्वच्छ येत असतो. दोन जण कागद व्हॉट्सअॅपवर पाठवा म्हणतात. निळ्या खुणा येतात, पुढे काही नाही.

नववा बोलतो. पूर्ण ऐकून घेतो.

“हे आमच्या संस्कृतीत बसत नाही. पाचही प्रश्नांना नाही. लिहून घ्या.”

“घेतलं सर. सहावा एक आहे.” तो वाचून दाखवतो.

पलीकडे थोडी शांतता. “पत्रक सगळ्यांना द्यायला सांगितलंय मी.”

“धन्यवाद सर.”

फोन ठेवल्यावर तो बाटलीतलं अर्धं पाणी एका दमात पितो. पॅडवरचा हात स्थिर आहे, कान लाल झालेत. बाई त्याच्या पाठीवर हात ठेवतात. “स्पष्ट बोलला. आता नीट नोंद कर. त्याचे शब्द, आपले नव्हेत.” मला त्या क्षणी त्या माणसाचा राग आला होता आणि अजून आहे. कागदावर तो राग कुठेच दिसत नाही. हे काम करणाऱ्यांची मला कमाल वाटते ती इथे.

संध्याकाळी ६.१०, एसटी

रोह्याहून पेणकडे. शिलाईवाल्या ताईही गाडीत आहेत, नागोठण्याला बहिणीकडे निघालेल्या. कंडक्टर येतो. बायका सवलतीचं अर्धं तिकीट काढताहेत. ताई पूर्ण काढतात. मी विचारते.

“अर्धं मागितलं की अख्खी गाडी वळून बघते. पंधरावीस रुपयांसाठी कुठे.”

त्याचं तिकीट पासष्ट. खिडकीला डोकं टेकून तो झोपतो. बोटांच्या पेरांत प्लास्टर अजून पांढरं आहे.

रात्री ८.४५, पेण

जेवण झालंय. वडील टीव्हीवर सभा बघताहेत. तो जिन्यात बसून मोबाइलवर कागदांचे फोटो काढतो आणि पुण्याच्या मित्राला पाठवतो. मित्र सगळ्या तालुक्यांचं एकत्र करतो. मग वहीत हिशेब: झेरॉक्स ८०, पेट्रोल ३०, गाडी १०, चहा २०, एसटी ६५. दोनशे पाच. बुडालेली मजुरी तीनशे. पाचशे पाच.

दिवसाची बेरीज वेगळ्या पानावर. दोघांनी बोलून उत्तर दिलं, एक अपक्ष आणि एक पाचही ‘नाही’. एकाने टाळलं. बाकी सगळे चौथ्या रकान्यात.

९.२०ला फोन वाजतो. अनोळखी नंबर नाही. सकाळचे काका.

“अरे, तो कागद साहेबांच्या गाडीत दिला मी. त्यांनी वाचला. विचारताहेत, दुसऱ्या प्रश्नातलं मंडळ म्हणजे कुठलं? आणि ते रेशनचं पत्र खरंच आलंय का?”

तो उठून दोन पायऱ्या खाली जातो. आवाज उतरवतो, घरातून टीव्हीचा आवाज येतोय तेवढ्याच्या खाली. २०२०मध्ये राज्याने मंडळ नेमलं, ते कशासाठी, हे सांगतो. रेशनच्या पत्राचं सांगतो. काका मध्ये मध्ये “थांब, लिहितो” म्हणतात. एक शब्द ते दोनदा विचारतात. तो अक्षर अक्षर सांगतो: पा, र, लिं, गी.

आतून आई हाक मारते, “कोणाशी बोलतोयस रे एवढा वेळ?”

“कामाचा फोन आहे, आई. आलो.”

अकरा मिनिटं झालीत. काका म्हणतात, उद्या सांगतो. तो पॅड उघडतो, सकाळच्या कागदावर चौथ्या रकान्यातली खूण तशीच ठेवतो, आणि ‘शब्दशः’मध्ये लिहितो: रात्री ९.२०. मंडळ कुठलं, हे विचारलं.